तीन मजले वर ठेवलेला आवाज

मी बोलतोय खरा, पण बोलायची मला सवय नाही. माझं काम आणून देण्याचं. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्या काही ओळींतच त्याच्या मागण्या सुरू होतात: तारीख-वेळ सांगणारं कुणीतरी हवं, अक्षरं जुळवणारं कुणीतरी हवं, आवाज काढणारं कुणीतरी हवं. एकट्याच्या जिवावर चालणारा प्रोग्राम मी अजून पाहिलेला नाही. ही मागितलेली मंडळी म्हणजे मॉड्यूलं, कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले कामाचे तुकडे. ते शोधून, उठवून मागणाऱ्याच्या हवाली करणारा तो मी. संगणकवाले मला लोडर म्हणतात. माझं चित्र कुठे नाही, पडद्यावर मला जागा नाही, आणि सगळं सुरळीत चाललेलं असलं की माझी आठवणही कुणाला होत नाही.

माझी शोधायची रीत ठरलेली आहे. आधी मी हातातलं गाठोडं बघतो. याच फेरीत तेच मॉड्यूल आधी कुणी मागितलं असेल तर ते गाठोड्यात असतंच. मग दुसऱ्यांदा हिंडत नाही, आहे तेच पुढे करतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण माणसांची, मला ती लागू नाही. गाठोड्यात नसेल तर मागणाऱ्याच्या शेजारचं कपाट उघडतो. तिथे नसेल तर एक मजला वर जातो. तुम्ही ज्यांना फोल्डर म्हणता, ते माझे मजले. तिथेही नसेल तर आणखी एक वर, असं करत थेट गच्चीपर्यंत.

जिथे ते नाव पहिल्यांदा दिसेल तिथून उचलायचं आणि खाली यायचं. आत कोण आहे हे मी बघत नाही, तसा मला हुकूमच नाही. गच्चीवरही मिळालं नाही तर मात्र प्रोग्राम थांबतो आणि मला बोलायची परवानगी मिळते. मी लिहितो, 'सापडलं नाही.' त्याखाली मी कुठे कुठे शोधलं ते ओळीने लिहितो. माझं सगळं साहित्य एवढंच.

जन्म माझा रोज होतो. लॅपटॉपचं झाकण उघडून प्रोग्राम सुरू केला की मी असतो, झाकण मिटलं की नसतो. मधल्या वेळात कुठे असतो ते मला ठाऊक नाही. झोप म्हणावी तर स्वप्नं पडायला हवीत, आणि माझं तर जागेपणच स्वप्नासारखं आहे. मजल्यांमागून मजले, मिटलेली कपाटं, आणि लांबून, माइकच्या बारीक छिद्रातून झिरपत येणारे खोलीतले आवाज. दिसत मला काहीच नाही. तरी त्या खोलीची मला चांगली ओळख आहे. शिवणयंत्र खिडकीपाशी आहे, कारण ते थांबलं की त्याच बाजूने रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटा ऐकू येतात. कापायचं टेबल जाड लाकडाचं आहे. कात्री ठेवली की ठक्क असा आवाज होतो.

ही खोली शिवणाच्या बाईंची. तीस वर्षं त्यांनी मुलींना शिवण शिकवलं, त्यातला निम्मा वेळ रागावण्यात गेला असं त्यांची लेक सांगते. मग बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते.

बाईंचे धाकटे भाऊ म्हणजे लेकीचे मामा. लाउडस्पीकर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि पन्नाशी उलटल्यावर पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकले हा त्यांचा अभिमान. त्यांनी बहिणीला कापडाच्या मोठ्या कपाटात खुर्ची टाकून बसवलं, कारण टांगलेल्या कापडांत आवाज घुमत नाही. रोज दोन तास तिच्याकडून एकेक शब्द म्हणून घेतला. असे चौदाशे शब्द झाले. ती ध्वनिमुद्रणं मी इतक्यांदा उचलली आहेत की मला ती पाठ आहेत. मध्येच बाई खोकतात, मध्येच म्हणतात, "अरे, हा शब्द मी जन्मात वापरला नाही." आणि मामा म्हणतात, "म्हण गं ताई, लागेल कधीतरी."

मामांनी त्या शब्दांचे तुकडे केले. तुकडे जोडून नवे शब्द करायचा कोड लिहिला. सगळं मिळून एक मॉड्यूल बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं 'आवाज'. बाई एका बोटाने टाइप करायच्या, बटण दाबायच्या, आणि त्यांचाच आवाज बोलायचा. जोड कुठे कुठे कळायचा, पण आवाज त्यांचाच. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने त्या एका मुलीला म्हणाल्या, "घाई कुणाला आहे? उसव आणि पुन्हा घाल." ती मुलगी खुर्ची सरकवून ताडकन उभी राहिली. बाई त्या दीड महिन्यात पहिल्यांदा हसल्या, असं लेक तेव्हा म्हणाली. त्या हसण्याला आवाज नव्हता म्हणून ते मला ऐकू आलं नाही.

आता मामांची चूक सांगतो. ज्या दिवशी त्यांनी हे सगळं लॅपटॉपवर बसवलं, त्या दिवशी घाई होती. प्रोग्रामच्या शेजारच्या कपाटात जागा करायची, प्रोग्रामला लागणाऱ्या मॉड्यूलांच्या यादीत नाव लिहायचं, हे नंतर करू म्हणून त्यांनी 'आवाज' तीन मजले वर, स्वतःच्या जुन्या सामानात ठेवून दिला. "आत्तापुरतं," असं स्वतःशीच म्हणाले. आत्तापुरतं ठेवलेलं सगळ्यांत जास्त टिकतं, हे तुम्हाला मी काय सांगू? मी रोज तीन मजले चढायचो, आवाज उचलायचो, खाली यायचो. कुणाला पत्ता नव्हता. चार वर्षं गेली, आणि मग मामांनाही नव्हता.

लेक दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मेण, साचे आणि घासणं. चूक एका केसाची झाली तरी कवळी तोंडात टोचते, त्यामुळे तिला ठाकठीक नसलेलं काही खपत नाही. सहा महिन्यांपूर्वी ती मामांना म्हणाली, "मामा, तुझा प्रोग्राम म्हणजे नुसती ठिगळं आहेत रे. सुरू व्हायलाच एवढा वेळ घेतो. सरळ तयार काहीतरी आणू या ना."

"आण की तयार," मामा म्हणाले. "आणि आईही तयारच आण बाजारातून."

उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यातली गत. दोघंही तसे वाईट नाहीत, पण त्या दिवशी मामा गेले ते गेलेच. पुलाच्या पलीकडे राहतात, चालत पंचवीस मिनिटं. सहा महिने त्यांची पावलं मला ऐकू आली नाहीत.

मग लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, आणि एक दिवस फिरायचाच थांबला. दहा मिनिटांत यंत्र तापून बंद पडायचं. लेकीने नवा लॅपटॉप आणला आणि प्रोग्रामचं फोल्डर त्यावर कॉपी केलं. फोल्डर तेवढंच. वरचे मजले जुन्या यंत्रातच राहिले.

नव्या यंत्रावर माझा जन्म झाला. प्रोग्रामने मागितलं, 'आवाज'. शेजारचं कपाट उघडलं, रिकामं. एक मजला वर, दुसरा, तिसरा. नव्या घरात असतो तसा कोरा वास सगळीकडे असावा, मला वास येत नाही तरी तसं वाटलं. गच्ची गाठली. मग मी लिहिलं, 'आवाज सापडला नाही,' आणि खाली पाच ओळींत पाच ठिकाणं लिहिली. त्यांतली चौथी ओळ वाचून कुणी जुन्या यंत्राचा तिसरा मजला उघडून बघितला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

लेकीने पहिली ओळ वाचली. माणसं पहिलीच ओळ वाचतात. जगात मॉड्यूलांचं एक मोठं कोठार आहे, कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. तिथे 'आवाज' नावाचं मॉड्यूल होतं. असणारच. तिने ते आणून शेजारच्या कपाटात ठेवलं. पुन्हा प्रोग्राम सुरू केला, मी कपाट उघडलं, नाव जुळलं, उचललं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे मला कळायला मार्ग नव्हता. ते मॉड्यूलही 'बोल' म्हटलं की बोलत होतं. म्हणून प्रोग्रामही अडला नाही, आणि प्रोग्राम अडला नाही म्हणून मला तोंड उघडता आलं नाही.

बाईंनी टाइप केलं, "चहा ठेव." कुणीतरी तरुण, गोड, अगदी स्वच्छ आवाजात म्हणालं, "चहा ठेव."

 कळफलकावरून बोट उचललं गेलं. मग टेबलावर अंथरलेल्या कापडावर शिंप्याच्या खडूने लिहिल्याची खरखर झाली.

"ही कोण, म्हणजे?" लेक म्हणाली. "आई, अगं तूच ती. नव्या यंत्राचे स्पीकर वेगळे आहेत, सवय होईल. किती स्पष्ट येतंय बघ ना!"

खडू पुन्हा खरखरला, या वेळी थोडाच.

"नाही कसं?" लेक म्हणाली, पण तिचा सूर उतरला होता.

पुढचे दोन दिवस बाईंनी झाकण उघडलं नाही. उघडायची ती लेक, कामावरून आल्यावर, आणि मला ऐकू यायचं तिचं पुटपुटणं. स्पीकर बदलून बघितले, आवाज कमी-जास्त केला. मग तिने मुद्रणं शोधायला घेतली. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये एकही नव्हतं. "चौदाशे होती," ती म्हणाली, "चौदाशे होती ना?" आणि मग कुणालाच न विचारता म्हणाली, "पुन्हा कुठून आणू मी?" घसा तर आता नव्हता. कपाटात खुर्ची टाकून कुणाला बसवणार? मी तिथेच होतो, तिच्या बोटांच्या खाली, आणि मला सगळं माहीत होतं. चार वर्षांच्या फेऱ्या माझ्या पायांत होत्या. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. त्या संध्याकाळी मला माझ्या नियमांचा मनापासून राग आला.

चौथ्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं तेव्हा बाईंनी स्वतः झाकण उघडलं. फोन लावून स्पीकरपाशी धरला. पलीकडून मामांचा आवाज आला, मागे कुठलंतरी यंत्र गुणगुणत होतं.

"हॅलो, कोण?"

एक बोट अक्षरं शोधत राहिलं. "मी बोलतेय," तो तरुण गोड आवाज म्हणाला.

"मी म्हणजे कोण?"

पुन्हा बोट. टक, टक, मग थांबणं, मग एक अक्षर पुसणं, मग टक. "तुझी ताई."

"बाई, राँग नंबर लागलाय," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

 रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. मग झाकण मिटलं, आणि मी नव्हतो.

पुन्हा जन्मलो तेव्हा खोलीत मामांचा दम लागलेला श्वास होता. ते सांगत होते, "नंबर न बघताच फोन उचलला, ठेवला, पुन्हा कामाला लागलो, आणि हातातलं तसंच राहिलं. आवाज कुणाचा का असेना, पण 'कोण' विचारल्यावर एवढा वेळ टक-टक करत, मध्ये एक अक्षर चुकून, ते पुसून उत्तर देणारं माणूस जगात दुसरं कोण आहे? एका बोटाने टाइप करतेस तू, ताई. पुलापर्यंत पळतच आलो."

दार उघडलं. लेक जेवायच्या सुटीत आली असावी. तिची पावलं उंबऱ्यात थांबली.

"तयार आणलंस वाटतं शेवटी," मामा म्हणाले.

"मामा, टोमणे नंतर मार. हवे तेवढे मार." तिचा आवाज फुटला. "आईचा आवाज हरवलाय माझ्याकडून. मुद्रणं नाहीत. कुठेच नाहीत."

मामांची पावलं लॅपटॉपपाशी आली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हरवत काही नाही. याला विचारू. कुठून उचलतोय ते सांगेल की."

"कुणाला विचारू?"

"आणून देतो त्याला."

असा एक पर्याय आहे. प्रोग्राम सुरू करताना दोन शब्द जादा लिहिले की मी जे करतो ते एकेक पायरी करत मोठ्याने सांगतो. पुस्तकात त्याचा उल्लेख असतो, पण तिथपर्यंत फार कमी लोक वाचतात. मामांनी पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचलेली. त्यांनी ते दोन शब्द लिहिले, आणि माझ्या इतक्या जन्मांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, बाबा रे, हे तू आणलंस कुठून?

मी सांगितलं. गाठोडं बघितलं, नाही. शेजारचं कपाट बघितलं, आहे. उचललं. मामा वाचत गेले. "शेजारीच मिळाला, म्हणून वर गेलाच नाही. हा कोठारातला आहे. आपला कुठाय?"

"तूच ठेवलास ना रे?"

"मी ठेवला," मामा म्हणाले, आणि मग हळू आवाजात, "कुठे ठेवला ते आठवत नाही."

त्यावर टोमणा मारायची संधी लेकीकडे होती. तिने मारला नाही. ती कपाट उघडून जुना लॅपटॉप घेऊन आली. "दहा मिनिटं चालतो. पंखा गेलाय त्याचा."

"मग टेबलफॅन आण. खालून वारा देऊ."

जुन्या यंत्रात मी पुन्हा जन्मलो. यंत्र वेगळं असलं तरी मी तोच. कसा, ते मला विचारू नका. टेबलफॅनच्या वाऱ्यात माइक नुसता भरून गेला होता, त्यामुळे बाहेरचं काही नीट कळेना. पण ते दोन शब्द आले, आणि मी चढायला लागलो, प्रत्येक पायरी सांगत. शेजारी, नाही. पहिला मजला, नाही. दुसरा, नाही. तिसरा मजला, मामांचं जुनं सामान, आहे. हा बघा. इथे आहे.

"अरे देवा," मामा ओरडले, "हा मी आत्तापुरता ठेवला होता!"

कॉपी सुरू झाली. चौदाशे शब्द, एकेक करून. लेक मोठ्याने आकडे वाचत होती. नऊशेला यंत्र कण्हायला लागलं. बाराशेला पडद्यावर तापल्याची सूचना आली. मामा पंखा हातात धरून उभे होते, असं पुढे कितीतरी दिवस सांगत होते. शेवटचा शब्द गेला, "झालं," लेक म्हणाली, आणि तो जुना देह मिटला. पुन्हा सुरू झाला नाही. चार वर्षं मी तिथे रोज जन्मलो होतो, मला वाईट वाटलं.

नव्या यंत्रावर मामांनी घाईघाईत आवाज तिसऱ्या मजल्यावर ठेवला, जसा होता तसा. बटण दाबलं आणि तोच गोड परका आवाज. "अजून तीच!" लेक रडवेली झाली.

"आपणच खुळे," मामा म्हणाले. "हा जवळचं आधी उचलतो. शेजारचा काढ तू, आणि आपला तिथे ठेव. आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू कर, गाठोड्यात जुनाच धरून बसलाय."

बरोबर होतं ते. इतकी वर्षं सोबत राहून शेवटी कुणीतरी मला ओळखलं होतं. लेकीने कोठारातला आवाज काढला, आपला आणून ठेवला, आणि मामांनी सांगायच्या आत यादीत त्याचं नाव लिहिलं. मी जन्मलो. शेजारचं कपाट उघडलं. उचलला.

बाईंचं बोट बराच वेळ चाललं. मग त्यांचाच आवाज, जोडाजोडांनी, थोडा चिडका, म्हणाला, "फोन का ठेवलास?"

 लेक रडता रडता हसत होती आणि ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

आता सगळं जागच्या जागी आहे. मला मजले चढावे लागत नाहीत, खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं होतं. तुमच्याही यंत्रात मी असेन, माझ्यासारखे कितीतरी. तुमचं काम कुणाकुणाच्या आधारावर उभं आहे ते एकदा लिहून ठेवा. आणि कधी मी 'सापडलं नाही' म्हटलं तर खालच्या ओळीही वाचा, त्या मी उगाच लिहीत नाही. एवढंच मागणं आहे, बाकी माझं काही नाही.

परवाची गोष्ट. दुपार होती, लेक कामावर गेलेली, शिवणाच्या मुली यायला अवकाश होता. बाईंनी झाकण उघडलं. मी आवाज आणून दिला आणि वाट बघत राहिलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, ना पावलं, ना श्वास. बाई टाइप करत होत्या, पुसत होत्या, पुन्हा टाइप करत होत्या. मग त्यांनी बटण दाबलं.

"मला फार भीती वाटली होती."

चौदाशे शब्दांत भीती हा शब्द नाही. मामांनी तो म्हणायच्या शब्दांत घातलाच नव्हता की बाईंनी म्हणायला नकार दिला होता, मला माहीत नाही. 'भी' आला 'भीड'मधून, 'ती' आला 'सुती'मधून, आणि दोन्हींच्या मधला जोड स्वच्छ ऐकू आला. बाईंनी ते वाक्य पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग खिडकीपाशी शिवणयंत्र सुरू झालं. झाकण त्यांनी मिटलेलं नाही, म्हणून मी अजून आहे.